डार्क मॅटरची मॉडेल्स एकाच काट्यावर: मायक्रोओमेगाज

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट डार्क मॅटरवर घेतला असेल, तर मायक्रोओमेगाज (micrOMEGAs) हे सॉफ्टवेअर आधी उतरवून घ्या. डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणानं जाणवणारं द्रव्य, एखाद्या मॉडेलनुसार विश्वात किती उरायला हवं हे ते काढतं. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि वेगवेगळी मॉडेल्स एकाच काट्यावर तोलतं.

लिनक्सवर जीसीसी, जीफॉरट्रान आणि एक्स-इलेव्हनच्या डेव्हलपमेंट फायली घाला, मग मुख्य फोल्डरमध्ये 'मेक' द्या. पहिल्या रनला वेळ लागतो, कारण आतलं कॅल्कहेप (कणांच्या प्रक्रियांचं गणित करणारा प्रोग्राम) लागेल ती प्रक्रिया तेव्हाच मांडून कंपाइल करतं. अडकलं समजून बंद करू नका; दुसऱ्या वेळी उत्तर झटक्यात येतं.

स्वतःचं मॉडेल घालताना हमखास होणारी चूक म्हणजे डार्क कणाच्या नावाआधीचं '~' विसरणं. ते नसेल तर सॉफ्टवेअरला डार्क मॅटरचा कण ओळखूच येत नाही.

आता मुख्य आकडा, म्हणजे उरलेल्या डार्क मॅटरचा साठा. विश्व थंड होताना कणांचा आपसातला नाश थांबतो आणि उरलेला साठा कायम राहतो. गुऱ्हाळात काहील लवकर उतरवली की रसात पाणी जास्त राहतं, तसंच हे: नाश सावकाश होत असेल तर तो लवकर थांबतो आणि डार्क मॅटर जास्त उरतं. उत्तर (साठ्याचं माप, Ωh²) प्लँक उपग्रहाच्या ०.१२० ± ०.००१ शी ताडायचं.

सिंगलेट स्केलर या साध्या मॉडेलमध्ये डार्क कणाचं वस्तुमान आणि त्याची हिग्ज कणाशी जोडणी, मुख्य खेळ या दोहोंचाच. साठा कमी करायला जोडणी वाढवावी, तर तिच्यामुळेच डार्क कण शोधयंत्रातल्या झेनॉनवर जास्त आदळायला हवेत. झेनॉन वापरणाऱ्या एलझेड प्रयोगाची अशा आदळण्यावरची २०२४ ची मर्यादा ४० जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) वस्तुमानाला २.२ × १०⁻⁴⁸ चौरस सेंमी आहे. म्हणून हलक्या वस्तुमानात हे मॉडेल हिग्जच्या निम्म्या वस्तुमानाच्या, म्हणजे ६२.५ जीईव्हीच्या आसपासच्या अरुंद पट्टीत तगतं. इनर्ट डब्लेट या दुसऱ्या मॉडेलला डब्ल्यू आणि झेड कणांशी असलेल्या जोडणीचाही आधार असल्यानं ते साधारण ५०० जीईव्हीच्या वरही बसतं. मात्र तिथं जोडीचे कण जवळजवळ समान वजनाचे असतात, म्हणून 'बीएप्स' (जोडीचे कण गणितात कितपत धरायचे ते ठरवणारी सेटिंग) १०⁻⁴ ते १०⁻⁶ ठेवा. १ ठेवलंत तर सहनाश (जोडीच्या कणांबरोबरचा नाश) गणला जात नाही आणि साठा चुकतो.

खरी उणीव त्या ६२.५ च्या पट्टीतच आहे. नाश थांबेपर्यंत डार्क कणांचं तापमान बाकी कणांइतकंच असतं, असं हे सॉफ्टवेअर धरून चालतं. तिथं ते खरं नसतं. साठ्यात दहापटीपर्यंत फरक पडू शकतो. एवढ्या पट्टीचे आकडे ड्रेक (DRAKE) या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर पुन्हा काढा. ते वुल्फ्राम लँग्वेजमध्ये आहे, तेव्हा ती सोय आधी बघून ठेवा.