मुंबई सिटी २०२४-२५: यंदाची टीम मागच्या वर्षीच्या टीमपेक्षा चांगली का? तिकीट काढायच्या आधी माझा रिव्ह्यू

हे सप्टेंबर २०२४ मध्ये लिहितोय. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगचा, सीझन १३ सप्टेंबरला सुरू होतोय, आपल्या मुंबई सिटीची पहिलीच मॅच कोलकात्यात मोहन बगानशी, आणि बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, ट्रेनमध्ये जो तो मला एकच विचारतोय, टीम तर निम्मी गेली रे, यंदा अंधेरीला जायचं का? तेरा टीम आहेत म्हणजे घरच्या १२ मॅचेस, माझं आणि भाच्याचं तिकीट, मेट्रोचं भाडं, मध्ये दोन-दोन वडापाव, सगळं धरलं तर वर्षाचा खर्च होतोच. मोबाइल घेताना आपण जुनं मॉडेल नवं मॉडेल शेजारी ठेवून बघतो ना, तसंच मी दोन्ही वर्षांची टीम शेजारी ठेवून बसलो होतो गेले आठ दिवस. जे वाटलं ते लिहितोय.

आधी मागचं वर्ष, कारण त्याच्याशीच तुलना करायचीय. लीगमध्ये ४७ पॉइंट, मोहन बगान ४८, म्हणजे शील्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी) एका पॉइंटने गेली आणि तीही शेवटच्या दिवशी त्यांच्याच घरी २-१ हरून. मग कपची सेमीफायनल. २४ एप्रिलला गोव्यात ८९ मिनिटं होईपर्यंत आपण ०-२ मागे, मी आणि भाचा ताईच्या घरी जेवणाच्या ताटावर बसलेलो, ताई म्हणाली आता बंद करा आणि जेवा नीट, आणि तेवढ्यात छांगतेने एक टाकला, लगेच विक्रमने दुसरा, आणि इंज्युरी टाइममध्ये परत छांगतेच, ३-२! आमटी भातासकट खाली सांडली आणि कोणी कोणाला ओरडलं नाही. रिटर्न मॅच अंधेरीत २-० मारली आणि ४ मेला सॉल्ट लेकवर फायनल, तीच मोहन बगान, साठ हजार माणूस त्यांच्या बाजूचं, पहिला गोल त्यांचा, आणि तिथून डियाझ, बिपिन, वोय्तुश, ३-१. २०२१ च्या फायनलमध्येही शेवटच्या मिनिटाचा विजयी गोल बिपिनचाच होता, हे विसरू नका.

तर ही कप जिंकलेली टीम. आता त्यातलं कोण गेलं बघा. कॅप्टन राहुल भेके बंगळूरुला. डियाझ बंगळूरुला. नोगेरा पण बंगळूरुला. अपुइया मोहन बगानला. वोय्तुश गेला, ग्वारोचेना परत गोव्याला गेला, ग्रिफिथ्स गेला. ग्रेग स्टुअर्ट तर जानेवारीतच गेला होता, तो आता मोहन बगानमध्ये. म्हणजे ज्यांनी फायनलमध्ये आपला पहिला आणि तिसरा गोल मारला ते दोघंही नाहीत, आणि ज्याने कप उचलला तोही नाही.

लोक सगळ्यात जास्त डियाझबद्दल हळहळतात. मला पटत नाही. डियाझ भारी होता, गोलसमोर डोकं शांत ठेवायचा, डिफेंडरला अंगावर घेऊन दुसऱ्याला जागा करून द्यायचा, सगळं मान्य. पण परदेशी स्ट्रायकर बाजारात मिळतो, पैसे टाकले की येतो. अपुइया पैसे टाकून मिळत नाही.

का ते सांगतो. अंधेरीचं स्टेडियम छोटं आहे, खालच्या रांगेत बसलं की खेळाडूंचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून दिसतं. मी मागच्या सीझनला एका मॅचमध्ये पूर्ण पहिला हाफ फक्त अपुइयाकडे बघत होतो, बॉलकडे बघितलंच नाही. बॉल यायच्या आधी तो दोनदा मान वळवतो, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या, मग बॉल घेताना अंग आधीच अर्धं फिरलेलं असतं, त्यामुळे पहिल्याच टचला तो पुढे तोंड करून उभा असतो आणि अंगावर धावत आलेला माणूस मागे राहिलेला असतो. ही गोष्ट टीव्हीवर दिसत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. बॉल गेला की परत मिळवायला पळणारा पण तोच. हे सगळं करणारा पोरगा भारतीय, विशीतला, आणि २०२१ पासून आपल्याकडे होता.

भारतीय हा शब्द इथे महत्त्वाचा आहे आणि बरेच लोक हा हिशोब करतच नाहीत. आयएसएलमध्ये टीममध्ये परदेशी सहा ठेवता येतात पण मैदानावर एका वेळी चारच. मागच्या वर्षी मिडफिल्डच्या मधोमध अपुइया, मागे भेके आणि मेहताब, म्हणजे जिथे बाकीच्या टीम परदेशी माणूस लावतात तिथे आपल्याकडे आपलीच माणसं तितक्याच ताकदीची होती, म्हणून चार परदेशी जिथे पाहिजे तिथे लावता यायचे. यंदा परदेशी सहा कोण आहेत? तिरी, क्रूमा, फान नीफ हे जुने तीन. तोराल, मान्झोरो आणि कारेलिस हे नवे तीन. आता लावून बघा. कारेलिस पुढे लागणारच. तिरी मागे लागणारच. भेके नाही म्हणून क्रूमाची गरज जास्त लागणार. झाले तीन. उरली एक जागा आणि माणसं तीन, फान नीफ, तोराल, मान्झोरो, तिघंही मिडफिल्डचे! फान नीफला बसवलं तर मागून लांब पास देणारा माणूस जातो, त्याला ठेवलं तर तोराल बाकावर. क्रूमाला बसवून दोघं मिडफिल्डमध्ये लावले तर मागे मेहताबच्या जोडीला तिरी, आणि तिरी आता ३३ चा आहे, त्याचं डोकं अजून लखलखीत आहे पण वेगवान विंगर पाठीमागे पळाला तर त्याला झाकायला भेके असायचा. कोच क्रात्की हे कसं सोडवतो त्यावर अख्खा सीझन आहे असं मला वाटतं.

भेकेबद्दल थोडं जास्त लिहितो, लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत जन्मलेला पोरगा, आपल्या मातीतला. २०१९ ची आयएसएल फायनल आपल्याच अंधेरीच्या ग्राउंडवर झाली होती, बंगळूरु विरुद्ध गोवा, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला आणि कॉर्नरवर याने हेडर मारून १-० ने जिंकून दिली, तेव्हा तो बंगळूरुचा. मग २०२१ ला आपल्याकडे आला आणि २०२४ ला आपल्या शहराचा कॅप्टन म्हणून कप उचलला. मराठी आडनावाचा कॅप्टन कप उचलताना बघून आमच्या मजल्यावरचे एक काका, जे कूपरेजला महिंद्रा युनायटेड या मुंबईच्या जुन्या फुटबॉल टीमच्या मॅचेसना जायचे, त्यांना बोलता येईना. २०१० ला महिंद्रा बंद झाली तेव्हापासून त्यांनी फुटबॉल बघणं सोडलं होतं, परत लागलं ते मुंबई सिटीमुळे. भेके सेंटरला पण खेळायचा, राइट बॅकला पण, म्हणजे एका खेळाडूत दोन खेळाडू. त्याची भरपाई यंदाच्या यादीत मला तरी दिसली नाही.

आता नवे कोण आले ते. ब्रँडन फर्नांडिस, हा यंदाचा सगळ्यात चांगला सौदा. २०१७ पासून गोव्यात होता, तिथला कॅप्टन, आणि गंमत बघा, त्या २४ एप्रिलच्या मॅचमध्ये आपल्याला ०-२ करणारा गोल यानेच मारला होता. कॉर्नर आणि फ्री किक याच्याइतकी नेमकी टाकणारा भारतीय मला दुसरा दिसत नाही. दोन डिफेंडरच्या मधून हळूच बॉल सरकवायचा तो प्रकार, छांगतेसाठी सोनं आहे ते. शिवाय भारतीय आहे, म्हणजे वर जो चारचा हिशोब मांडला त्यात तो नोगेराची जागा परदेशी कोटा न वापरता भरतो. हे क्लबने डोकं लावून केलेलं काम आहे आणि त्याचं कौतुक केलंच पाहिजे. पण ब्रँडन अपुइयाचं काम करणार नाही, तो मागे पळून टॅकल करणारा नाही, तो पुढचा कलाकार आहे.

निकोस कारेलिस ग्रीसचा, ३२ वर्षांचा, गेंक, पानाथिनाइकोस, ब्रेंटफर्ड असा फिरलेला माणूस. नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर म्हणून आणलाय. डियाझसारखा खाली उतरून खेळ जोडणारा वाटत नाही, बॉक्सच्या आसपास राहून मारणारा वाटतो, म्हणजे त्याला बॉल पुरवायला लागेल. ब्रँडन आणि विंगवरून छांगते असताना पुरवठा होईल. मी याला दहा मॅचेस देईन, मग बोलेन.

जॉन तोराल, बार्सिलोनाच्या अकादमीत वाढलेला, नंतर आर्सेनलकडे, पुढे बर्मिंगहॅम, हल सिटी वगैरे. उंच आहे, बॉल पायात चिकटतो. जेरेमी मान्झोरो फ्रान्सचा, मागच्या वर्षी जमशेदपूरला होता, आपली हवा, आपली ग्राउंडं, सगळं माहीत असलेला, डाव्या पायाने लांबून मारतो. रेहनेश पण जमशेदपूरहूनच आलाय, अनुभवी कीपर, दुसऱ्या नंबरला चांगला. पहिल्या नंबरला फुर्बा लाचेन्पाच राहणार, मागच्या सीझनचा गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सगळ्यात चांगल्या कीपरचं बक्षीस, त्याला मिळालंय, त्याच्यावर चर्चा नको.

आणि जे राहिले ते बघून माझा जीव भांड्यात पडतो. छांगते आहे. बिपिन आहे. विक्रम प्रताप आहे, लीगचा इमर्जिंग प्लेयर ठरलेला. या तिघांनी मिळून मागच्या वर्षी अर्धी लीग पळवून दमवली. मेहताब आहे. जयेश राणे आहे, आपला मुंबईकर, बाकावरून आला तरी अंग झोकून खेळतो. मागच्या सीझनच्या मध्यात, डिसेंबरमध्ये क्रात्की आला होता, आधीचा कोच बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेल्यावर, म्हणजे दुसऱ्याने बांधलेली टीम त्याने चालवली आणि तरी कप आणला. यंदा त्याला पहिल्यांदाच सीझनच्या आधीची पूर्ण तयारी करायला मिळाली. हे आमच्या बाजूने आहे.

मागच्या वर्षीची टीम धावणारी होती, बॉल हिसकावून लगेच सुटायची. यंदाची टीम पास देणारी वाटते, बॉल जास्त वेळ आपल्याकडे राहील, बघायला सुंदर दिसेल, पण बॉल गेला की मधोमध मोठी मोकळी जागा पडेल आणि तिथे उभा राहणारा माणूस मला यादीत सापडत नाही. फान नीफ ते काम थोडंफार करेल, पण तो पास देणारा आहे, पळणारा नाही. जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत (सीझनच्या मध्ये खेळाडू घेता येतात तेव्हा) क्लबने एकच करावं, मिडफिल्डच्या मध्यात पळणारा भारतीय पोरगा आणावा, कोणीही चालेल, पण आणावा. मागच्या वर्षीच्या टीमला मी पाचपैकी साडेचार दिले असते, यंदाच्या टीमला साडेतीन देतो. टॉप सहामध्ये नक्की, शील्ड कठीण वाटते.

जर्सीबद्दल दोन शब्द, कारण भाच्याने लिहायला सांगितलंय. मागच्या वर्षी त्याने हट्टाने पाठीवर अपुइया छापून घेतलं, स्टेशनजवळच्या एका दुकानातून, आणि दोन धुण्यांत 'या'चा काना सुटला, तिसऱ्यात अख्खा 'या' गेला. पैसे परत द्यायला दुकानदार तयार नव्हता. छापायचं असेल तर आधी त्यांनी छापलेली, धुतलेली एखादी जर्सी बघायला मागा, बोटाने कडा उचलली जाते का बघा. पोरगा ती जर्सी अजून टाकायला देत नाही. अपुइया गेल्याची बातमी आली त्या दिवशी तो रडला, दहा वर्षांचा आहे, मी काही समजूत घातली नाही, माझाही घसा दाटला होता. यंदा म्हणतोय छांगते आणि सात नंबर, आणि मामा, छांगते नाही ना जाणार कुठे?

तर तिकिटाचं. मी काढणार, आणि ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी निदान पहिली घरची मॅच तरी सोडू नका. २ ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी आहे, आणि समोर कोण? बंगळूरु. भेके, डियाझ, नोगेरा तिघंही त्यांच्या ड्रेसमध्ये अंधेरीत. आझाद नगर मेट्रोला उतरा, वीरा देसाई रोडने चालत दहा मिनिटांच्या आत पोचता, मॅचच्या तासभर आधी या म्हणजे वॉर्मअप बघायला मिळतो. नव्यांना पहिल्यांदा बघताय तर वॉर्मअप सोडू नका, ब्रँडन कॉर्नरची प्रॅक्टिस करताना बॉल कुठे पडतात ते बघत बसा.

काकांना पण घेऊन जातोय. ते म्हणाले, भेके वॉर्मअपला बाहेर आला की आपण उभं राहून टाळ्या वाजवायच्या, मग मॅच सुरू झाली की छांगतेला ओरडून सांगायचं, राहुलच्याच बाजूने पळव बॉल.