मुंबई, बेंगळूर की बेळगावच? चेहऱ्यांचे फोटो काढून जगायचं ठरवलेल्यांसाठी

खानापूरकडचा एक पोरगा परवा स्टुडिओत आला. तीन हंगाम लग्नं शूट केलेला. बसायच्या आधीच विचारलं, "दादा, मुंबईला जाऊ काय बेंगळूरला? मला मॉडेलांचे, नटांचे फोटो काढायचे आहेत." दोन्ही शहरं बेळगावपासून साधारण ५०० किलोमीटर, हायवेही तोच, त्यामुळे अंतर बघून काही ठरत नाही. मी दोन्हीकडे राहिलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

मुंबईत नट आहेत, मासिकं आहेत, चांगले मेकअपवाले आणि स्टायलिस्ट आहेत. पण आत शिरायचा रस्ता बहुतेकांना एकच: असिस्टंट व्हायचं. पहिले कित्येक महिने कॅमेरा हातात येत नाही. स्टँड उचला, वाळूच्या पिशव्या ठेवा, चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोल धरा. मी सहा महिने थर्माकोलच धरला. एकदा एक ज्येष्ठ अभिनेत्री आल्या होत्या. आमच्या सरांनी पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याला हातच लावला नाही, चहा मागवला, त्यांच्या आईबद्दल विचारलं. मग मला बोटानेच खूण केली, अर्धं पाऊल पुढे ये. मी सरकलो आणि त्यांच्या डोळ्यांखालची सावली उतरली. ते अर्धं पाऊल मला कुठल्याही क्लासात मिळालं नसतं.

याची किंमतही आहे. खोली चौघांत, पैसे शूटनंतर दोन-तीन महिन्यांनी. एका कामाचे तर मला अजून मिळालेले नाहीत. आठ महिन्यांचा खर्च गाठीशी नसेल तर मुंबईला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

शिक्षणाचा बाऊ मात्र करू नका. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) रसायनशास्त्र शिकलेले होते. लिंटास या जाहिरात कंपनीत बरीच वर्षं नोकरी केली आणि मग सिनेमातल्या माणसांचे चेहरे टिपणारा मोठा माणूस म्हणून नाव कमावलं.

बेंगळूरचं गणित वेगळं. मिंत्रासारख्या कपडे विकणाऱ्या कंपन्या तिथे, म्हणून कॅटलॉगचं काम भरपूर. पांढरा पडदा, ठरलेले लाइट, जमिनीवर टेपची खूण, दिवसभर कपड्यांमागून कपडे. साडीचा रंग फोटोत जरा जरी सरकला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं, म्हणून रंगाची शिस्त पक्की बसते. पगार तारखेला. आपल्याला कानडी येतं, त्याचा सेटवर फार उपयोग होतो, कन्नड सिनेमाची दारंही तिथेच. उणीव एकच, पण मोठी: हात तयार होतो, नजर तशीच राहते. पुष्कळ फोटोंत मॉडेलचा चेहरा हनुवटीवर कापलेला असतो.

बेळगावात राहिलात तर लग्नं आणि प्री-वेडिंगवर पोट भरतं, नट काही येत नाहीत.

माझं मत असं. घरचा आधार असेल तर थेट मुंबई. नसेल तर एक वर्ष बेंगळूर, पैसे साठवा, मग मुंबई. कॅटलॉगमध्ये तीन वर्षं काढू नका, पगाराची सवय लागते. आणि कुठेही गेलात तरी करार लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा असतो, आपण नव्हे. पोर्टफोलिओत फोटो वापरायची परवानगीसुद्धा त्याच कागदावर लिहून घ्या.

पोर्टफोलिओ मात्र इथूनच घेऊन जा. पावसाळ्यातलं खानापूरचं आभाळ म्हणजे फुकटचा, अख्ख्या गावाएवढा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावून उजेड मऊ करायची पेटी). तालमीतले पैलवान, बेळगावातल्या वडगावचे विणकर, घरची आजी, असे चेहरे मुंबईच्या पोरांच्या फायलीत नसतात.

त्या पोराकडे साठवलेलं काही नव्हतं, कानडी मात्र फर्डं होतं. त्याला म्हटलं, गणपती झाले की बेंगळूर गाठ. तोवर वडगावात मागावर बसणाऱ्या पाच जणांचे फोटो काढून आण. फ्लॅश न्यायचा नाही, खिडकीचा उजेड घ्यायचा, आणि कॅमेरा काढायच्या आधी प्रत्येकाबरोबर चहा प्यायचा.