मार्क १:२ ची परीक्षा आणि अँडबायबल

कुठलंही बायबल ॲप हाती आलं की मी आधी मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडते. दुसऱ्या वचनात मार्क यशया संदेष्ट्याचं नाव घेतो आणि लगेच दूत पुढे पाठवण्याची जी ओळ देतो ती यशयाची नाहीच. ती मलाखी ३:१ मधली आहे, आणि तिच्यात निर्गम २३:२० चाही सूर मिसळलाय. यशया येतो तो तिसऱ्या वचनात, ४०:३ मधून. दोन वचनांत तीन ग्रंथ! एका वचनाशी जुळणारी बायबलमधली दुसरी वचनं म्हणजे संदर्भवचनं, आणि ‘लाखो संदर्भवचनं’ अशी जाहिरात पायलीला पन्नास ॲपं करतात. मी फक्त एवढंच बघते की हे तिघं मला किती पटकन आणि कसे दिसतात. बायबल अभ्यासगटाची तयारी करायला बसल्यावर लाखोंशी कुणाचा संबंध येतो?

सध्या मी अँडबायबल वापरते. ॲप अँड्रॉइडचं, फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत. त्यात स्वतःचं असं बायबल भरलेलं नसतं, हवी ती भाषांतरं आणि भाष्यं आपण डाउनलोड करून घ्यायची. इथे नवखे लोक हमखास अडतात, म्हणून सांगून ठेवते: संदर्भवचनं ॲपची नसतात, त्या त्या भाषांतराच्या फाइलमध्ये असतात. ज्या भाषांतरात ती दिलेलीच नाहीत तिथे सेटिंगमध्ये कितीही बटणं दाबा, काही उगवणार नाही. जिथे आहेत तिथे तळटिपा चालू केल्या की वचनाला चिकटून बारीकशी खूण दिसते. तिच्यावर बोट टेकवलं की संदर्भ समोर येतात.

खरी मजा पुढे आहे. संदर्भावर टिचकी मारली की तो वेगळ्या खिडकीत उघडतो आणि मार्क आपल्या जागी तसाच राहतो. वर मार्क १:२, खाली मलाखी ३:१. आता खालची खिडकी बोटभर सरकवा. मलाखीच्या पुढच्याच वचनात तो दिवस कोणाला सोसवेल असा प्रश्न आहे, धातू गाळणाऱ्याचा अग्नी आहे, परटाचा खार आहे. मार्क दूताची ओळ उचलतो आणि या आगीच्या अलीकडेच थांबतो. का थांबतो, यावर गटात तासभर बोलता येतं. नुसतं ‘मलाखी ३:१’ एवढं वाचून मान डोलावली असती तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. म्हणून संदर्भवचनासोबत त्याच्या आजूबाजूची वचनंही दिसली पाहिजेत, याबाबतीत मी हट्टी आहे.

याआधी मी पैसे मोजून घेतलेलं एक सॉफ्टवेअर वापरायची. नाव घेत नाही. त्यात मत्तय २७:९ उघडलं की कडेला आद्याक्षरांची एक रांग दिसायची. मत्तय तिथे यिर्मयाचं नाव घेतो, पण तीस रुप्यांची गोष्ट जखऱ्या ११:१२-१३ मधली. शेताच्या खरेदीसाठी यिर्मया ३२ कडे बघावं लागतं. म्हणजे दोन्हीकडे आलटून पालटून जाणं आलंच. संगणकावर माउस नुसता वर नेला की वचन फुग्यात दिसायचं, तोवर ठीक होतं. टॅबलेटवर माउस कुठून आणायचा? तिथे बोट लावलं की मत्तय गायब आणि अख्ख्या पडद्यावर जखऱ्या. मागे यावं तर अध्यायाच्या पहिल्या वचनावर! सत्ताविसाव्या अध्यायात ६६ वचनं आहेत. प्रत्येक संदर्भामागे ती सरकवत बसायचं म्हणजे अभ्यास राहतो बाजूला.

भाषांतरातले संदर्भ अपुरे वाटले तर ‘ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज’ हा जुना इंग्रजी संग्रह भाष्य म्हणून उतरवून घ्या. एकोणिसाव्या शतकातलं काम, सुमारे ५ लाख संदर्भ. प्रत्येक वचनातला एकेक शब्द किंवा तुकडा घेऊन त्याच्यापुढे संदर्भांची माळ लावलेली असते. मथळे इंग्रजी असले तरी दुवे कुठल्याही भाषांतरात उघडतात, त्यामुळे वचनं मराठीत वाचता येतात. खिडक्या एकमेकींना जोडून ठेवल्या की वर बायबल सरकेल तसा खाली संग्रहही सरकतो. तयारीला बसल्यावर ही एक सोय मी बंद करत नाही.

पण हा संग्रह म्हणजे भरलेला माळा आहे. हवी ती वस्तू वर असते, फक्त हाताला लागायला हवी. थेट अवतरण, नुसती सूचक आठवण, समांतर घटना, केवळ तोच शब्द आलाय म्हणून जोडलेलं वचन, सगळं एकाच ओळीत. कोणता संदर्भ कशासाठी दिलाय हे तो सांगत नाही. उत्पत्ती १:१ ला हा पसारा बघून माणूस घाबरेल. उलट प्रकटीकरण १:१४ घ्या. लोकरीसारखे पांढरे केस म्हटल्यावर दानीएल ७:९ हा एक संदर्भ मिळाला की काम झालं, बाकीची गर्दी नसली तरी चालतं. ओपनबायबल या संकेतस्थळाच्या यादीत जवळपास ३ लाख ४० हजार संदर्भ आहेत आणि वाचकांनी त्यांना मतं दिलेली आहेत. कल्पना चांगली, पण मतांमुळे ओळखीची वचनं वर येतात आणि मला नेमकं अनोळखी हवं असतं. (६३,७७९ संदर्भांचं ते इंद्रधनुष्यासारखं चित्र तुम्हालाही कुणीतरी पाठवलं असेलच. २००७ चं, ख्रिस हॅरिसन आणि ख्रिस्टोफ रोमहिल्ड यांचं. दिसायला देखणं, पण त्यातून एक वचन शोधून दाखवा.)

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते: वचनांचे आकडे सगळीकडे सारखे नसतात. प्रेषितांची कृत्ये २:१७ वरून योएल २:२८ कडे जायचं, पण हिब्रू मजकुरात योएलचा दुसरा अध्याय २७ व्या वचनाला संपतो. आपलं २:२८ तिथे ३:१ आहे. स्तोत्र ५१ मध्ये हिब्रूत शीर्षकाचीच दोन वचनं धरतात, म्हणून सगळे आकडे दोनाने पुढे. एका ॲपने मला अशा वेळी कोरा पडदा दाखवला होता. अँडबायबल आकड्यांची ही जुळवाजुळव स्वतः करतं आणि योग्य जागी नेऊन सोडतं. हिब्रू न वाचणाऱ्यांना याचं काही वाटणार नाही, वाचणाऱ्यांनी मात्र ॲप निवडताना आधी हेच तपासावं.

चारही शुभवर्तमानांतले समांतर उतारे शोधणाऱ्यांना मात्र यादीपेक्षा चार खिडक्या उघडणं सोयीचं पडेल. चौथ्या शतकात युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराने याच कामासाठी दहा तक्ते केले होते, तेही वचनांना आकडे नसताना. आकडे आले १५५१ मध्ये. फोनच्या पडद्यावर चार खिडक्या म्हणजे डोळ्यांचे हाल, त्यासाठी टॅबलेटच घ्या.

यहूदाचं पत्र, १४ वं वचन करून बघा. तिथलं हनोखाचं वाक्य हनोखाच्या ग्रंथातलं आहे, १:९, आणि तो ग्रंथ या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये नाही. ट्रेझरीची धाव त्या ६६ पुस्तकांपुरतीच, त्यामुळे हनोख कोण होता ते बघायला ती तुम्हाला उत्पत्ती ५ मध्ये पाठवेल, वाक्य कुठलं हे सांगणार नाही. तो ग्रंथ वेगळा मिळवून शेजारी ठेवावा लागतो. पाचपैकी चार तारे देतेय. उरलेला एक संदर्भांचे प्रकार वेगवेगळ्या रंगांत दिसायला लागले की देईन.