बिदरच्या एअर फोर्स कॅम्पात नऊ महिने: उदगीरहून निघण्याआधी काय विचारायला हवं होतं

नवऱ्याच्या बदलीचा सिग्नल आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या आईला झाला. अकरा वर्षं आम्ही जोधपूर, तेजपूर, अंबाला असे फिरलो. उदगीरला यायचं म्हणजे दोन-दोन दिवस रेल्वेत काढायचे. आणि आता एकदम बिदर! कर्नाटकात असलं तरी शेजारचंच. उदगीरच्या स्टेशनात गाडीत बसलं की कमलनगर, भालकी आणि पुढं बिदर. "आता काय, भाजी काय केलीस ते विचारायला पण येशील," आई म्हणाली. कॅम्पात राहायला येऊन नऊ महिने झाले. भाजीचं अजून फोनवरच विचारते.

आपल्या लातूर, नांदेड, परभणीकडच्या बऱ्याच जणींच्या घरी एअर फोर्सची नोकरी आहे आणि "बिदर कसं आहे गं?" हा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आत काय कुठं आहे, गेट किती, कोण कधी येतं-जातं हे मात्र लिहिणार नाही, आणि फोटोही मागू नका.

क्वार्टर लगेच मिळालं नाही. वेटिंग होतं. नवरा एकटा हजर झाला आणि मी पोराला घेऊन साडेतीन महिने उदगीरला माहेरी राहिले. आमच्या काळ्या ट्रंका, ज्यांवर नवऱ्याचं नाव-नंबर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असतं, त्या आईच्या ओसरीवर एकावर एक. या साडेतीन महिन्यांत मी कॅम्पाची माहिती काढायला बसले. नकाशात धावपट्टी दिसते आणि बाकी नुसता करडा रंग. व्हिडिओ शोधले तर हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या सूर्यकिरण टीमची नऊ विमानं तिरंगी धूर सोडताना. सूर्यकिरणची टीम 1996 मध्ये बिदरलाच सुरू झाली, 2008 मध्ये इथं हॉक विमानं आली, फायटर पायलट होणारी पोरं त्यावर शिकतात, शिकणारा पुढं आणि शिकवणारा मागं बसतो, एवढं सगळं मला पाठ झालं. विमानं ढीगभर पाहिली, स्वयंपाकघर एकही नाही. पाणी किती वाजता येतं, ओट्याखाली सिलिंडर मावतो का, कपडे वाळत घालायला जागा आहे का, हे कुठंच नाही.

गल्लीतले एक काका सैन्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "तिकडं समदं फुकट असतंय, तू काय पण नेऊ नको." त्यांच्यावर विसंबून मी पाण्याचा मोठा ड्रम आईकडंच ठेवला. पहिल्याच आठवड्यात पाण्याची मोटार बिघडली आणि नवा ड्रम बिदरच्या बाजारातून घ्यावा लागला. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय, तरी मी ड्रम सोडून गेले, याला काय म्हणावं! आणि फुकट म्हणाल तर क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता बंद होतो, हे काका सांगायचं विसरले.

खरी माहिती मिळाली ती नवऱ्याच्या सेक्शनमधल्या एका सार्जंटच्या बायकोकडून. बिहारची आहे. एका दुपारी फोनवर तासभर बोलली. पडद्यांची मापं आधी घेऊ नको, प्रत्येक ब्लॉकच्या खिडक्या वेगळ्या आहेत. पांढऱ्या चादरी आणू नको. आई-वडील येणार असतील तर ओळखपत्रावरचं नाव नीट तपासून ठेव. हे तिसरं मी ऐकलं आणि सोडून दिलं. तर माझा पहिला सल्ला हाच: जायच्या आधी आपल्याच नवऱ्याच्या रँकच्या माणसाची बायको शोधा. ऑफिसरच्या घरातली माहिती ऑफिसरच्या घरासाठी असते.

एप्रिलमध्ये जागा बघायला म्हणून आईला घेऊन गेले. माझं डिपेंडंट कार्ड होतं, आईचा पास काढायचा होता. नवऱ्यानं तिचं नाव दिलं होतं तसं आधार कार्डावर नव्हतं. तिथं लग्नाआधीचं नाव आणि स्पेलिंगही भलतंच. गार्ड रूमच्या बाहेर चाळीस मिनिटं. आईच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या भाकरी आणि एक भोपळा. शेजारी एक आजोबा बसले होते, तेही नातवाला भेटायला आलेले. ड्यूटीवरच्या पोरानं पाणी दिलं, खुर्ची दिली, पण पास नाही तो नाहीच. त्यात त्याची चूक काही नव्हती. आई मात्र घरी येईपर्यंत एकच म्हणत होती, "लेकीच्या घरी जायला बी कागद लागतोय कामून?"

आता आवाजाबद्दल. हे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. हॉकचा आवाज उदगीरलाही कधीमधी ऐकू यायचा, पण तो आभाळातून जाणारा, कुणाचा तरी दुसऱ्याचा. इथं तो अंगावर येतो. शिकाऊ पायलट म्हणजे पुन्हापुन्हा तेच: उतरायचं, चाकं टेकवायची आणि न थांबता परत वर. एक गेलं की दुसरं. पहिले दोन आठवडे मला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या नाहीत. दोनदा डाळ कच्ची, एकदा भाताची पेज. आता घड्याळ लावते. आईशी फोनवर बोलताना मधेच गप्प बसायची सवय झालीय. पहिल्यांदा तिला वाटायचं मी रुसले. आता तीच म्हणते, "जाऊ दे तुझं इमान, मग बोल." ढग खाली आले की उड्डाणं थांबतात, शनिवार-रविवार बहुतेक शांतता. रात्रीचं फ्लाइंग असतं तेव्हा मात्र लहान मूल असलेल्या घरात त्या रात्रीची झोप गेलीच समजा. महिन्याभरात कान सरावतात. सुट्टीला उदगीरला गेले की पोरगाच पहाटे उठून विचारतो, "एवढं शांत का आहे?" त्याला सूर्यकिरणचा सराव गच्चीतून दिसतो म्हणून तो या पोस्टिंगला दहापैकी दहा देतो. मी सहा देते.

कोणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे पक्षी. विमानाच्या इंजिनात पक्षी गेला तर काय होतं हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणून कॅम्पात कचऱ्याचे डबे झाकणाचे, उष्टं बाहेर टाकायचं नाही, कबुतरांना दाणे घालायचे नाहीत. मला हे सगळं पटतं. पण भाद्रपदात पितृपक्ष आला आणि माझ्या सासऱ्यांची तिथी. पानात वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं वाढलं आणि हातात घास घेऊन उभी राहिले. गच्चीवर कावळ्याला कुठं ठेवू? शेजारच्या बंगाली वहिनी म्हणाल्या, "मत रखो, नोटिस आ जाएगा." शेवटी डबा भरून नवऱ्यानं रविवारी गाडी काढली आणि आम्ही उदगीरला आईच्या गच्चीवर घास ठेवला. कावळा लगेच शिवला. सासऱ्यांना राज्य ओलांडून जेवायला यावं लागलं, असं म्हणून नवरा हसला. मला काही हसू आलं नाही.

बाकीचं पटकन सांगते. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात बदली असेल तर दाखल्याचा त्रास नाही. पोराचं मराठी मात्र घरी घ्यावं लागतं. गावातल्या एका शाळेत आधी चौकशी केली होती, तिथं डोनेशनचा आकडा ऐकून परत आले. साधा ताप-खोकला आतच बघतात, मोठं काही असलं की रेफर. बिदरची माती तांबडी, जांभ्या दगडाची. आपल्या काळ्या रानातून आलेल्या बाईला वाटतं घरातच कुणी गेरू सांडलाय. पांढऱ्या चादरींचं कोडं मे महिन्यात सुटलं.

बायकांच्या संघटनेचं नाव AFWWA या इंग्रजी आद्याक्षरांमुळं 'अफवा' असं उच्चारतात. पहिल्यांदा नवरा म्हणाला, "संध्याकाळी अफवाला जायचंय," तेव्हा मी म्हटलं, ती तर आपोआप पसरते की! आता संघटनेच्या नावात थोडा बदल झालाय, तोंडात मात्र जुनंच आहे. आमच्यासारख्या, नवरा ऑफिसर नसलेल्या बायकांची 'संगिनी' असते. संक्रांतीला तिथं हळदीकुंकू केलं तर पंजाबी, तमिळ, ओडिया सगळ्या वाण घेऊन गेल्या. एकीनं तिळगूळ फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दगड झाला म्हणून तक्रार घेऊन आली.

बाजारात मी इतर जणींपेक्षा सुखी आहे. पाट्या कन्नड, पण भाजीवाली दखनी बोलते, आणि 'नक्को', 'कैकू' आम्ही उदगीरला लहानपणापासून ऐकतो. मराठी कळणारेही भरपूर. मुळात हे परकं गाव नव्हतंच. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. आजोबांच्या एका जुन्या कागदावर 'जिल्हा बिदर' लिहिलेलं आहे. आता त्याच बिदरला जाताना एसटीत माझं अर्धं तिकीट सीमेपर्यंतच चालतं, पुढं पूर्ण पैसे.

आईचं आधार दिवाळीत दुरुस्त करून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती यायची आहे. पासासाठी नाव आधीच दिलंय, स्पेलिंग नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतलंय. तिनं फोनवर विचारलं, "भोपळा आणू का?" मी म्हटलं, आण, पण चिरूनच आण. गार्ड रूमला पिशवी उघडून दाखवावी लागते.