मंगळवार आणि शनिवार, सात वाजता, जिल्हा परिषदेची शाळा

आमच्या तालुक्याच्या गावात दारूची दुकानं किती, हे मला तोंडपाठ आहे, कारण उधारी सगळीकडे होती. दारू सोडलेल्या माणसानं संध्याकाळी जाऊन बसावं अशी जागा मात्र एकच: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा गट. गावाचं नाव लिहीत नाही. येणारे आठ-नऊच, गाव लिहिलं की सगळे ओळखू येतील. मी एसटी डेपोत मेकॅनिक आहे आणि चार वर्षं इथं जातोय.

आधी पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून आलो होतो. अवचट दांपत्यानं १९८६ साली सुरू केलेलं केंद्र, तिथं माझी दारू सुटली. पण परतीची गाडी आमच्या स्टँडवर उतरवते आणि स्टँडच्या फाटकासमोरच बार. सारखं पुण्याला जाणं माझ्या रजेत बसेना. रोज संध्याकाळी सहा ते आठ काय करायचं, याचं उत्तर गावातच शोधणं भाग होतं.

मीटिंग भरते दुसरीच्या वर्गात. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं, समोर बेचे पाढे. नाव सांगायचं, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणायचं आणि जे घडलं ते बोलायचं. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. आमचे अण्णा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, की १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअरबाजारवाला आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. मी हे इतक्यांदा ऐकलंय की त्या डॉक्टरचं घरसुद्धा आता डोळ्यांसमोर दिसतं.

पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर समोर पोराचे गणिताचे सर. उलट्या पावली निघणार होतो. सर म्हणाले, "या, तुमच्याकडचा पान्हा लागणारच होता, खिडकी बसत नाहीये." अनामिक म्हणतात, पण आमच्यासारख्या गावात अनामिक राहायचं कसं? मला गटारातून उचलून घरी आणणारे शेजारीच होते. गंमत अशी, की पिऊन आडवं पडायची लाज कधी वाटली नाही आणि शाळेच्या फाटकातून आत जाताना मात्र सहा महिने टोपी कपाळावर ओढून जात होतो.

फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. एका पुढाऱ्यानं पंखा देऊ केला होता, पात्यावर नाव रंगवून. आम्ही नको म्हटलं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये घामाघूम व्हायची तयारी ठेवून या.

चौदा महिन्यांनंतर मी घसरलो. गावची जत्रा, मटणाची पंगत, मेहुणा. त्यानंतर तीन आठवडे गटाकडे फिरकलो नाही. एके दिवशी अण्णा डेपोच्या गेटवर उभे. काही विचारलं नाही. म्हणाले, "मंगळवारी चहाचं पातेलं घासायची तुमची पाळी होती, सरांनी घासलं. आता या मंगळवारी तुम्ही." मी गेलो आणि पातेलं घासलं. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. आज दोन वर्षं आठ महिने.

उणिवाही सांगतो. चार वर्षांत एकही बाई आलेली नाही. पिणाऱ्या बायका गावात नाहीत असं नव्हे, पण आठ पुरुषांसमोर येऊन बसणार कोण? घरच्यांसाठी वेगळा अल-अनॉन गट असतो, तो आमच्या गावात नाही, बायकोला जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावरचे येत नाहीत, तेव्हा कधी कधी मी आणि अण्णा दोघंच. देवाचं नाव बरंच निघतं. मला जड गेलं, पण 'तुम्हाला जो समजेल तो' एवढ्यावर भागतं.

आणि हा दवाखाना नव्हे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आमच्यातल्या एकाला तिसऱ्या दिवशी फिट आली होती. तेव्हा आधी डॉक्टर, मग गट. स्टँडच्या भिंतीवर 'न कळवता दारू सोडवा' असं रंगवलेलं असतं, त्या पुड्यांच्या नादी लागू नका. माझ्या आईनं एकदा चहातून दिली होती. वर मी प्यालो आणि छाती अशी धडधडली की रात्रभर आई उशाशी बसून रडत होती.

मीटिंग नसलेल्या रात्री जीव कासावीस झाला तर १४४१६ लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री दोन वाजता लावला होता, पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही.

पाचपैकी चार तारे. एक पंख्याचा कापला.

येणार असाल तर शाळेचं पुढचं फाटक साडेसहालाच बंद होतं. मागच्या बाजूनं, पाण्याच्या टाकीकडून या. कडी आतून असते, हात घालून काढायची.