गोदाघाटावरचं लवंग तेल आणि आईची दाढ

आईची दाढ ठणकत होती. बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर गेले, तर एका जडीबुटीवाल्याच्या पथारीवर 'शुद्ध लवंग तेल' दिसलं. त्याने छोट्या काचेच्या बाटलीतला थेंब काडीने माझ्या ओठाला आतून लावला. आधी झोंबलं, मग ओठ बधिर. "ताई, शंभर मिली, फक्त अडीचशे." मी घेतलं. हातात आली ती बाटली वेगळी होती, प्लास्टिकची. ते तेव्हा लक्षातच आलं नाही.

आई पाच दिवस त्याचा बोळा दाढेत धरत होती. "जरा बरं वाटतंय गं," म्हणायची, मला वाईट वाटू नये म्हणून. सहाव्या दिवशी गाल सुजला. मुळाशी पू झाला होता, रूट कॅनाल करावं लागलं. दातांच्या दवाखान्यात जो वास येतो तो युजेनॉलचा. लवंग तेलात बहुतांश तेच असतं आणि झिंक ऑक्साइडमध्ये कालवून ते दातात तात्पुरतं भरतात. म्हणजे तेल अस्सल असतं तरी ठणका थोडा वेळ दबला असता, कीड थांबली नसती. ते पाच दिवस मी घालवायला नको होते.

घरी येऊन तेल तपासलं. लवंग तेल पाण्यापेक्षा जड, बुडतं. हे तवंग होऊन वरच राहिलं. अस्सल तेलाचा कागदावरचा डाग हळूहळू बराचसा उडून जातो, याच्या थेंबाचा तेलकट डाग चार दिवसांनीही तसाच. साधं खायचं तेल असावं, वर लवंगेचा वास. (बुडलं म्हणजे अस्सलच, असंही नाही, जड पदार्थाचीही भेसळ करता येते.) किलोभर लवंगांतून १५० ते २०० ग्रॅम तेल निघतं. वाण्याकडचा लवंगेचा भाव आठवला असता, तर अडीचशेत शंभर मिली देणं कसं परवडतं हा प्रश्न तिथेच पडला असता.

त्या दिवशी पथारीपाशी माझ्या शेजारी एक ताई उभी होती, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. "दात येताना हिरड्यांना चोळा," असं सांगून जडीबुटीवाल्याने तिलाही तसलीच प्लास्टिकची बाटली दिली. ताई, हे वाचत असशील तर ते बाळाला लावू नकोस. आणि त्याच्या त्या काचेच्या बाटलीतलं खरं तेल मिळालं तरी नको. निव्वळ लवंग तेलाने हिरडी भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी झटके येऊ शकतात, यकृताला इजा होते. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.