दुकानात दाखवला एक, खोक्यात निघाला दुसरा : साउंड मिक्सर घेताना आमच्या मंडळाची झालेली फसवणूक

हरिनाम सप्ताह, गणेशोत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन अशा कार्यक्रमांसाठी स्वतःचा छोटा साउंड सेट उभा करणारी मंडळं आता गावोगाव आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या भजनी मंडळाला पुण्यातल्या एका विक्रेत्याने यामाहाचं नाव छापलेला बनावट मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र, विकला. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून त्याचं नाव इथे देत नाही. पण त्याने हे कसं जमवलं ते सविस्तर सांगतो, कारण अशा पद्धतीने माल खपवणारा तो एकटाच नसणार.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. मंडळाकडे बारा इंची दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर, एक मॉनिटर (व्यासपीठावरच्यांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून ठेवायचा स्पीकर), स्टँड आणि माईक आधीपासून होते. सगळा संसार एका ओम्नीत मावतो. नव्हता तो फक्त धड मिक्सर. कीर्तनाला आम्हाला सहा माईक लागतात : कीर्तनकारांना एक, चाल म्हणणाऱ्या गायकांना दोन, पेटीला एक आणि पखवाजाला दोन, धुमाला (डाव्या बाजूला) वेगळा आणि शाईला (उजव्या बाजूला) वेगळा. टाळांना माईक लावायची गरज पडत नाही, ते सगळ्या माईकमधून आपोआप येतातच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा साध्या लाइन इनपुटवर, म्हणजे माईकऐवजी यंत्र थेट जोडायच्या भोकावर, चालतो. म्हणजे सहा माईक इनपुट आणि एखादा स्टिरिओ चॅनेल एवढी गरज पक्की ठरलेली होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण निम्मी फसवणूक याच जागी सुरू होते. मिक्सरच्या नावातला आकडा म्हणजे माईकची संख्या नव्हे. स्टिरिओ चॅनेलचे डावा आणि उजवा असे दोन, आणि माईक न लागणारे लाइन इनपुटही धरून तो आकडा फुगलेला असतो. यामाहाच्या एमजी१०एक्सयूला दहा इनपुट आहेत, पण माईक लागतात चारच. साउंडक्राफ्टच्या नोटपॅड-१२एफएक्सलाही माईक चारच. बेहरिंगरच्या एक्सआर१२ या डिजिटल मिक्सरलाही चार, आणि त्याच घरातल्या एक्सआर१६ला आठ. या कंपन्या हे लपवत नाहीत, माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. लपवतो तो काउंटरवरचा माणूस. ‘बारा चॅनेल आहे, बारा माईक लावा’ असं छातीठोकपणे सांगणारे मला एकाहून जास्त भेटले. आम्ही बघून ठरवला होता यामाहाचाच एमजी१२एक्सयू, कारण त्याला माईक इनपुट सहा आहेत.

त्या विक्रेत्याकडे आम्ही तिघे गेलो. काउंटरवर एमजी१२एक्सयू मांडलेला होता. त्याला आमचाच माईक लावून दिला, इफेक्ट (आवाजाला घुमारा वगैरे देणारे) लावून दाखवले, पखवाजवाल्या अण्णांनी टेबलावर बोटांनी ठेका धरून माईकवर ऐकला. आवाज स्वच्छ होता. भाव बाजारापेक्षा जेमतेम दोन-तीन हजारांनी कमी. हे मुद्दाम सांगतो, कारण बनावट माल म्हणजे निम्म्या किमतीत मिळणारा माल असं सगळे समजतात. निम्म्या भावात देऊ केला असता तर आम्ही त्याच पावली परत फिरलो असतो, आणि ते त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

पैसे दिले तेव्हा त्याने आतून सीलबंद खोकं आणलं. उघडून लावून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, “दादा, कंपनीचं सील आहे. इथं फोडलं की वॉरंटी जाते. घरी जाऊन फोडा, व्हिडिओ काढा, काही निघालं तर मी बसलोय की इथं.” पक्कं बिल मागितलं, तेही त्याने बिनबोभाट दिलं. जीएसटी क्रमांक, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी देवळात खोकं फोडलं. व्हिडिओ काढला होता, तो आज आयोगापुढे आमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. रंग तोच, अक्षरं तीच, बटणांची मांडणीही जवळजवळ तीच. पण उचलताक्षणी हाताला हलका लागला. अस्सल एमजी१२एक्सयू ४.२ किलोचा असतो. हा वाण्याच्या काट्यावर अडीच किलोही भरला नाही. अस्सल मिक्सरची पेटी धातूची असते, याच्या दोन्ही बाजू प्लॅस्टिकच्या निघाल्या. अस्सलवर यूएसबीचं भोक चौकोनी असतं, संगणकाला जोडायचं. याच्यावर पेनड्राइव्हची खाच, शेजारी निळा डिस्प्ले आणि ब्लूटूथ. एक्सयू मालिकेत पेनड्राइव्हवरून गाणी वाजवायची सोयच नाही. अस्सलमध्ये इफेक्ट २४ आहेत, याचा डिस्प्ले ९९ पर्यंत आकडे मोजत होता आणि प्रत्येक आकड्याला तीच एक घुमणारी इको.

माईक लावले तेव्हा पाचव्या आणि सहाव्या चॅनेलवर आवाजच येईना. पहिल्या चारांवर आला, पण गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) थोडा चढवला की सळसळ सुरू, आणखी चढवला की घरघर. पेटीसाठी आमच्याकडे कंडेन्सर माईक आहे, त्याला फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने माईकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागते. ४८ व्होल्टचं बटण दाबलं, लाल दिवा लागला, पण पेटीचा आवाज चिरका आणि फाटका. ह.भ.प. महाराज व्यासपीठावर येऊन उभे, मंडपात आयाबाया बसलेल्या आणि आम्ही वायरी चाचपतोय. शेजारच्या गावच्या साउंडवाल्या पोराने आपला जुना मिक्सर गाडीवर टाकून आणून दिला, म्हणून कीर्तन पार पडलं. एक पैसा घेतला नाही त्याने. त्याच्या मिक्सरवर आमचे सगळे माईक खणखणीत वाजले, म्हणजे दोष माईकचा नव्हता हे तिथल्या तिथे सिद्ध झालं.

विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणाला, तुमच्या लाईटला अर्थिंग नसेल. मग म्हणाला, माईक लोकल असतील. ब्लूटूथचं विचारलं तर, “ते नवीन व्हर्जन आहे, तुमचा फायदाच झाला.” दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

आमच्या तालुक्याच्या गावात टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा लावून तळाचे स्क्रू काढले. त्यांनी एकेक गोष्ट पेन्सिलीच्या टोकाने दाखवली. पाचव्या-सहाव्या चॅनेलचे एक्सएलआर सॉकेट (माईक लावायची तीन पिनांची भोकं) फक्त पत्र्याला घट्ट बसवलेले, त्यांच्या मागे एकही वायर नाही. कॉम्प्रेसरची, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबून धरणारी, चार बटणं, त्यातली तीन नुसती फिरणारी. पॉट (बटणाखालचा फिरणारा भाग) सर्किटवर डाग देऊन बसवलेलं, पण तिथून निघणारी तांब्याची रेघच नाही. म्हणजे आत काही जोडायचंच नाही हे आधीपासून ठरवूनच ती सर्किटची पाटी छापलेली. मग त्यांनी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. फँटमचं बटण दाबून माईक सॉकेटच्या एक नंबरच्या पिनवर काळी वायर आणि दोन नंबरवर लाल. आकडा आला १७ व्होल्ट. तीन नंबरवरही तोच.

ही तपासणी कुणालाही दोन मिनिटांत करता येते, म्हणून नीट सांगतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या खुणेला ठेवायचा. सॉकेटमध्ये माईक नसावा. पिन एक आणि दोन, मग एक आणि तीन. ४८ व्होल्टचं फँटम ४४ ते ५२ च्या दरम्यान यायला हवं आणि दोन्ही पिनांवर जवळजवळ सारखं. पंधरा-सतरा आला तर तो मिक्सर खाली ठेवायचा. काही कंडेन्सर माईक कमी व्होल्टवरही कसाबसा आवाज देतात, काही गप्प बसतात, आणि त्यामुळे माणूस मिक्सरऐवजी माईकला दोष देत राहतो. विक्रेत्याची भिस्त नेमकी यावरच असते. एसएम५८सारख्या डायनॅमिक माईकला फँटम लागतच नाही, म्हणून नुसता तसा माईक लावून हे कळणार नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला तळाच्या पाटीचा फोटो आणि अनुक्रमांक पाठवला. हा माल आमचा नाही असं त्यांनी लेखी कळवलं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाकला. नोंदणी रद्द झालेली, आणि ती दुसऱ्याच नावाच्या व्यापाऱ्याची. म्हणजे बिलही बनावट. हा शोध घ्यायला लॉगिन लागत नाही, मोबाइलवर काउंटरसमोर उभं राहून होतो. क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन आकडे २७ असतात, आणि पोर्टलवर दिसणारं नाव दुकानाच्या पाटीशी जुळतं की नाही ते बघायचं. खोक्यावरही आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर एमआरपीचा स्टिकर होता, आयातदाराचं नाव कुठेच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती पैशापेक्षा एका गोष्टीची. हा माल स्टुडिओवाल्याला किंवा मोठ्या साउंडवाल्याला विकायची या लोकांची हिंमत नाही. तो हातात घेताच ओळखेल. म्हणून गिऱ्हाईक शोधलं जातं ते भजनी मंडळ, तरुण मंडळ, शाळा, एखादं छोटं देवस्थान. आमच्या मिक्सरमध्ये महिला बचत गटाचे पाच हजार होते. शेतमजुरी करणाऱ्या बायकांनी देवाच्या कामासाठी म्हणून काढून दिलेले. त्या पैशावर हात मारताना त्या माणसाने आम्हाला चहा पाजला होता.

तक्रार करू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल ते सांगतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद केली. तिथे विक्रेत्याकडून काही उत्तर आलं नाही. मग जिल्हा आयोगात तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. साउंडचा धंदा करणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की धंद्यासाठी घेतलं म्हणजे ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. हे अर्धवट आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू असेल तर तोही ग्राहकच, असं त्याच कायद्यात स्पष्ट म्हटलंय. नाव आणि चिन्ह चोरून माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाही आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांकडे वेगळा अर्ज दिलाय.

बनावट मिक्सर आम्ही दुरुस्त केला नाही, विकलाही नाही. जसा उघडला तसा खोक्यात घालून ठेवलाय, पावती आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट सोबत. तुमच्या बाबतीत असं घडलं तर वस्तू कुणाला जोडाजोड करू देऊ नका, आयोग तपासणीला मागू शकतो.

नवा मिक्सर घेतला तो दुसऱ्या दुकानातून, आणि अटी आधीच फोनवर सांगून. जो पीस गाडीत जाणार तोच समोर उघडायचा. आमचे माईक, आमचा हेडफोन, आमचा मल्टिमीटर. दुकानदाराने कुरकुर न करता टेबल मोकळं करून दिलं आणि स्वतः बाजूला बसला. सहाही सॉकेटवर एकेक करून माईक लावला, प्रत्येक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खालपासून वर नेला, पॅन डावीकडून उजवीकडे फिरवून हेडफोनमध्ये ऐकला. मग सगळे माईक काढून गेन निम्म्यावर ठेवून नुसती सळसळ ऐकली. कॉम्प्रेसर फिरवताना अण्णा माईकवर बोलत राहिले, फरक लगेच कळला. मॉनिटरसाठीचा ऑक्स (मॉनिटरला वेगळा आवाज पाठवायची वाट) फेडरच्या आधीचा आहे की नंतरचा, तेही विचारून नाही तर लावून बघितलं : मुख्य फेडर खाली आणला आणि मॉनिटरमधला आवाज तसाच राहिला, म्हणजे आधीचा. कीर्तनकारांना हेच लागतं, नाहीतर समोरचा आवाज कमी-जास्त केला की त्यांचाही बदलतो. फँटम ४७ च्या वर आलं. तासभर गेला असेल. खरा माल ठेवणारा दुकानदार हा तासभर देतो.

पुण्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चोख धंदा करणारी माणसं आहेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडलाही आहेत, त्यांच्यावर यातून शिंतोडे उडू नयेत. पण त्या विक्रेत्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर अजून एमजी१२एक्सयूचे फोटो येतात, फक्त फोन क्रमांक आणि दुकानाचं नाव बदललंय, हे दुसऱ्या तालुक्यातल्या एका मंडळाने आम्हाला कळवलं. त्यांच्याकडेही तसंच खोकं आलंय, तेही ब्लूटूथवालं. समान तक्रार असणाऱ्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार देता येते, त्यासाठी त्यांची कागदपत्रं आमच्या वकिलांकडे गेली आहेत. अजून कुणाकडे पेनड्राइव्हची खाच असलेला एमजी१२एक्सयू असेल तर आज तो उलटा करून अनुक्रमांकाचा फोटो काढा, बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा, आणि खरेदीची तारीख तपासा. दोन वर्षं उलटली नसतील तर अजून दाद मागता येईल.